जुना संगणक, नवी विद्या

आठ-दहा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून, घरखर्चात काटकसर करून, आपण एक संगणक घेतला असेल. आज तो टेबलावर तसाच उभा आहे. पडदा स्वच्छ आहे, कळफलक चालतो, आतील भागही शाबूत आहेत. परंतु तो सुरू करताच सूचना येते की, या संगणकावरील कार्यप्रणालीची मुदत संपली आहे. आणि नवी घालू म्हटले, तर ती या यंत्रावर चालत नाही. अशा वेळी घरातील वडील मंडळी एक साधा प्रश्न विचारतात, "चालते यंत्र भंगारात का द्यावयाचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. या वेळच्या लेखात आपण त्याचाच विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती संगणकाच्या घरातील कारभारीण होय. कळफलकावर दाबलेले अक्षर, डिस्कवर ठेवलेली कागदपत्रे, प्रिंटर, इंटरनेट, या साऱ्यांची व्यवस्था तीच लावते. आपल्याकडील असंख्य घरगुती संगणकांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. तिला मिळणारा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. पुढील विंडोज ११ हिला टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था आणि साधारणतः २०१८ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीचे बहुतेक संगणक दाराबाहेर राहिले. घरगुती ग्राहकांना सुरक्षादुरुस्त्यांची काही मुदतवाढ देऊ करण्यात आली होती, हे खरे; परंतु मुदतवाढ ही शेवटी मुदतच असते.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र कार्यप्रणालीत पुढे जी छिद्रे सापडतील ती बुजविली जात नाहीत; आणि ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या दाराची कडी मोडकी असणे बरे नव्हे. तेव्हा नवा संगणक घेणे हा एक मार्ग झाला. ज्यांना तो परवडतो आणि ज्यांच्या कामाला तो हवा आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे त्याच जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविणे. हा मार्ग विनामूल्य आहे. परंतु त्याला किंमत नाही असे जर कोणी आपणांस सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ही किंमत पैशांत द्यावी लागत नाही, ती शिकण्यात द्यावी लागते. आणि दिलेली किंमत आपल्याच घरात राहते.

मुक्त आणि फुकट

इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' या दोहोंसाठी एकच शब्द असल्यामुळे तिकडे या विषयात मोठा घोटाळा होतो. आपल्या भाषेत दोन स्वतंत्र शब्द आहेत, तेव्हा आपण तरी या घोटाळ्यात पडू नये. फुकट म्हणजे ज्याचे पैसे पडत नाहीत ते. मुक्त म्हणजे जे उघडून पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते ते.

स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. बाजारातील गोड्या मसाल्याचे पाकीट कोणी आपणांस फुकट दिले, तरी त्यात दगडफूल किती आणि खोबरे किती हे त्यावरून कळत नाही. आणि तो मसाला बाजारातून नाहीसा झाला, तर आपली आमटीही गेली. याउलट, सासूबाईंनी किंवा आईने प्रमाण लिहून दिलेला मसाला आपला होतो. नागपूरला गेलेली मुलगी त्यात आपल्या चवीप्रमाणे फेरफार करते, बडोद्याला गेलेली दुसऱ्या प्रकारे करते, आणि दोघीही शेजारणीने विचारले तर प्रमाण सांगतात. सॉफ्टवेअरचे हे लिखित प्रमाण म्हणजेच त्याची मूळ संहिता, सोर्स कोड. ती ज्यात खुली ठेवलेली असते ते मुक्त सॉफ्टवेअर.

या विचाराला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांना जाते. १९८० च्या सुमारास ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करीत असत. तेथील प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्यांनी स्वतः सुधारणा करून, कागद अडकताच संबंधितांना सूचना जाईल अशी सोय केली होती. नवा प्रिंटर आला तेव्हा त्याची मूळ संहिता त्यांना मिळाली नाही. ज्यांच्याजवळ ती होती, त्यांनी ती कोणास न देण्याचे वचन दिले होते. दुरुस्त करण्याची इच्छा आहे, ज्ञानही आहे, परंतु परवानगी नाही, अशी ती अवस्था होती. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी संपूर्ण मुक्त अशी कार्यप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला व त्या प्रकल्पास ग्नू हे नाव दिले. १९८९ मध्ये त्यांनी त्याचा परवाना प्रसिद्ध केला. या परवान्याचे सार थोडक्यात असे : ही आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवा; तिचा अभ्यास करा व तीत बदल करा; तिच्या प्रती इतरांस द्या; सुधारलेली प्रतही द्या; मात्र आपण ती ज्यास द्याल, त्यालाही हीच चारही स्वातंत्र्ये द्या. मसाल्याचे प्रमाण घ्या, परंतु पुढच्याला नाकारू नका, हाच तो नियम.

या प्रणालीचे बरेचसे अवयव तयार झाले, परंतु तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो अपुराच होता. तो दुसरीकडून आला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये कळविले की, आपण केवळ हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत आणि ती काही फार मोठी होणार नाही. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्यांनी ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुली केली. देशोदेशींच्या लोकांनी तीत भर घातली आणि लिनक्स वाढत गेले. आज बहुतेक मोबाइल फोनांत असणारी अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर चालते. आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. म्हणजे वाचकहो, आपण लिनक्स कधी वापरले नाही असे आपणांस वाटत असले, तरी ते बहुधा आपल्या खिशात आहेच.

आपल्या देशातही हे काम नवे नाही. सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियन या लिनक्स-प्रकारावर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली कार्यप्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळ राज्याने तर २००० नंतरच्या दशकातच आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार केली. तेथील लाखो मुले हीच प्रणाली वापरून शाळेतून बाहेर पडली आहेत. सामान्य घरातील मुलांना हे जमणार नाही, ही शंका केरळच्या अनुभवाने दूर झाली आहे.

एक चूक, जी आपण करू नये

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळण्यापूर्वी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातील लॅपटॉप मंदावला होता. मी लिनक्सविषयी थोडेफार वाचले होते आणि थोड्या ज्ञानाबरोबर येणारा उत्साह अंगात होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी बसलो. लिनक्स बसविताना एके ठिकाणी प्रश्न येतो : जुन्या प्रणालीशेजारी नवी बसवावयाची, की सर्व डिस्क पुसून नव्याने बसवावयाची? खाली स्पष्ट शब्दांत इशाराही असतो. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली नाही, आणि कळ दाबली. वीस मिनिटांत उत्तम चालणारा, झटपट उघडणारा संगणक तयार झाला. मी आनंदाने सर्वांना हाका मारल्या. माझ्या आईने विचारले, "यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो यात कुठे आहेत रे?"

ते कोठेच नव्हते. वडिलांचा तो सोहळा आदल्या वर्षी झाला होता, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी ते आम्हांला सोडून गेले होते. छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवू, असे आम्ही सारेच म्हणत होतो. ठेवली कोणीच नव्हती. पुढे नातेवाइकांकडे विचारपूस करून अकरा छायाचित्रे मिळाली. वडील स्वतः बोलले होते ती चित्रफीत मिळाली नाही. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

यात दोष संगणकाचा नव्हता आणि लिनक्सचाही नव्हता. त्याने विचारले, मी सांगितले, आणि त्याने तेच केले. नवी विद्या शिकताना भीती बाळगू नये हे जितके खरे, तितकेच ज्याची दुसरी प्रत नाही त्यावर प्रयोग करू नये हेही खरे.

क्रमाक्रमाने

म्हणून पहिली पायरी ही. घरातील छायाचित्रे, पत्रे, गुणपत्रके, हिशेब, जे काही त्या संगणकावर असेल ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरविल्यावर ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून दहा-वीस फायली प्रत्यक्ष उघडून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत समजू नये. शक्य असल्यास अत्यंत महत्त्वाच्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे अथवा बहिणीकडे ठेवावी.

दुसरी पायरी निवडीची. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांची नावे ऐकून नवखा मनुष्य गोंधळतो. त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. गाभा एकच, मांडणी व सोबतच्या आज्ञावल्या निरनिराळ्या. विंडोजची सवय असलेल्या कुटुंबाने लिनक्स मिंट घ्यावे, असे माझे मत आहे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील यादी, खिडक्या, फोल्डर, सारे ओळखीचे वाटते. त्यास कमीत कमी २ जीबी रॅम व २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने होते. यंत्र फारच दुबळे असेल, तर त्याचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्यावी. उबुंटू आणि डेबियन हेही उत्तम व विश्वसनीय प्रकार आहेत. कोणताही घ्या; परंतु तो त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्या, आणि एक निवडल्यावर निदान सहा महिने तो बदलू नका. रोज घर बदलणाऱ्याला कोणताच शेजार लाभत नाही.

तिसरी पायरी परीक्षेची, आणि लिनक्सची ही सोय फार मोलाची आहे. उतरवून घेतलेली फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एका छोट्या साधनाच्या साहाय्याने चढवितात. रूफस किंवा एचर ही त्यांपैकी दोन साधने होत. ध्यानात ठेवा, पेन ड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही त्यात पुसले जाते. मग तो पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करावयाचा आणि सुरू होता होता एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबावयाची. असे केले की संपूर्ण लिनक्स त्या पेन ड्राइव्हवरूनच चालू होते आणि आपण बसविण्याची आज्ञा देईपर्यंत डिस्कला हात लावीत नाही. दोन-तीन दिवस असेच वापरून पाहा. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, प्रिंटर छापतो काय, कॅमेरा चालतो काय, हे कागदावर एकेक खूण करून तपासा. मुलीला सोयरिकीपूर्वी घर दाखवावे, तसाच हा प्रकार. पसंत पडले नाही, तर पेन ड्राइव्ह काढून घ्या. संगणक पूर्वीसारखाच सुरू होईल.

सारे ठीक असेल तरच चौथी पायरी, म्हणजे प्रत्यक्ष बसविणे. येथे प्रत्येक ओळ वाचा, मोठ्याने वाचा, आणि घरातील दुसऱ्या कोणास तरी शेजारी बसवून घ्या. माझ्याजवळ त्या दुपारी कोणी बसले असते तर बरे झाले असते. बसवून झाल्यावर पहिले काम नवीन दुरुस्त्या उतरवून घेण्याचे. आणखी एक व्यावहारिक सूचना : जुन्या संगणकातील फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढून तेथे साधी एसएसडी बसवून घेतली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा अंशात यंत्राचा वेग नजरेत भरेल इतका वाढतो.

शिकावे कसे

लिनक्स बसविले म्हणजे शिकून झाले, असे नाही. शिकणे येथून पुढे सुरू होते. त्यासाठी मोठा ग्रंथ घेऊन बसण्याची गरज नाही. घरातील एक खरे काम घ्यावे आणि ते पूर्ण करावे. गृहिणींनी लिब्रेऑफिसमधील कॅल्कवर महिन्याचा किराणा-दुधाचा हिशेब मांडावा. मुलांनी शाळेचा निबंध रायटरवर लिहावा. चित्रांची आवड असलेल्यांनी गिंप किंवा क्रिटा उघडावे. लहानग्यांसाठी जीकाँप्री हा खेळांतून अक्षरे व अंक शिकविणाऱ्या उपक्रमांचा संच आहे. ही सर्व साधने मुक्त आहेत व लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारातून एका कळीसरशी बसविता येतात. अनोळखी ठिकाणांहून आज्ञावल्या उतरवून घेण्याची सवय मात्र सोडावी. भांडारात आहे तेथूनच घ्यावे.

थोडी ओळख झाल्यावर टर्मिनल उघडावे. काळ्या पडद्यावर अक्षरांत आज्ञा देण्याची ही जागा पाहून अनेकांची छाती दडपते. वास्तविक टर्मिनल म्हणजे खुणेऐवजी शब्दाने काम सांगणे, इतकेच. प्रारंभी पाच-सहा आज्ञा पुरेत : आपण कोठे आहोत, येथे काय आहे, दुसऱ्या ठिकाणी जाणे, प्रत काढणे, जागा बदलणे. प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका संगणकातच असते. 'मॅन' हा शब्द लिहून पुढे आज्ञेचे नाव लिहिले की ती उघडते. एक पथ्य पाळावे. 'सुडो' या शब्दाने सुरू होणाऱ्या आज्ञेला संगणकावर पूर्ण अधिकार मिळतो. अशी आज्ञा कोणीही सुचविली, तरी ती काय करते हे समजल्यावाचून चालवू नये. घराच्या किल्ल्या आपण रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देत नाही, तशातलेच हे.

मराठीतून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उपयुक्त आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस आणि इतर अनेक मुक्त साधनांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ आहेत, आणि त्यांतील पुष्कळ पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. पाठ लावावा, थांबवावा, स्वतः करून पाहावे आणि पुढे जावे, अशी त्यांची रचना आहे. ज्या गावी शिकवणी वर्ग नाही, तेथील विद्यार्थ्यांनाही त्यांचा लाभ घेता येतो.

अडले तर विचारावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात विचारणे कमीपणाचे मानीत नाहीत. परंतु नीट विचारण्याची अपेक्षा ठेवतात. "चालत नाही" हे वाक्य डॉक्टरांकडे जाऊन "बरे नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे. मी काय केले, काय व्हावयास हवे होते, आणि प्रत्यक्षात पडद्यावर काय दिसले, या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. त्या लिहीत असतानाच निम्म्या वेळा चूक आपल्या आपणच सापडते, हा माझा अनुभव आहे. मुलांना ही सवय लागली, तर ती संगणकापुरती राहणार नाही.

आपली भाषा, आपला कळफलक

परप्रांतांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास सांगतो. लिनक्समध्ये मराठी लिहिण्याची सोय अंगभूत आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कळफलक निवडला की झाले. तेथे इन्स्क्रिप्ट ही रचना शिकावी. डाव्या हाताशी स्वर, उजव्या हाताशी व्यंजने, अशी ही शास्त्रशुद्ध मांडणी भारतीय लिप्यांसाठी समान ठेवलेली आहे. ज्या कळीवर देवनागरीतील 'क' आहे, त्याच कळीवर तेलुगू, कन्नड, गुजराती आणि बंगालीतीलही 'क' आहे. हैदराबादेत वाढणाऱ्या मुलाने घरी मराठी टंकलेखन शिकले, तर शाळेतील तेलुगूसाठी त्याची बोटे आधीच तयार झालेली असतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला, तर हात बसतो.

अक्षरमुद्रांच्या बाबतीतही आपण उपाशी नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडविलेला 'मुक्त' हा देखणा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या यादीतील शब्द आपणांस मराठीत दिसू शकतात, त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. फाइलला फाइलच म्हणावे की धारिका म्हणावे, यावर कोणीतरी बसून विचार केला आहे. हे भाषांतर कोठे अडखळते, कोठे अपुरे आहे. ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणास आहे? आपणांस आहे. आज्ञावली लिहिता येत नसली, तरी चांगले मराठी लिहिणारी आजी, शिक्षिका अथवा महाविद्यालयीन विद्यार्थी या कामात भर घालू शकतो. बंद सॉफ्टवेअरमधील चुकीचा शब्द पाहून आपण फार तर तक्रार करतो. येथे तो आपण बदलू शकतो.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत

मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारे पुष्कळदा अडचणी लपवितात आणि मग वाचकाचा विश्वास उडतो. त्या येथे सांगून ठेवतो. व्यापारी हिशेबासाठी दुकानांतून सर्रास वापरली जाणारी काही सॉफ्टवेअरे लिनक्सवर सरळ चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीच्या किल्ल्या, काही स्कॅनर आणि काही प्रिंटर त्रास देतात. वर्डमध्ये बारकाईने मांडलेला मजकूर लिब्रेऑफिसमध्ये उघडला, तर तक्ते व समास थोडे हलू शकतात. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये लिहून ठेवलेला मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. घरातील कोणाचे पोट अशा एखाद्या साधनावर अवलंबून असेल, तर त्यांचा संगणक तसाच ठेवावा आणि दुसऱ्या यंत्रावर लिनक्स बसवावे. तत्त्वासाठी घरातील माणसाची अडवणूक करू नये.

तसेच, पहिले तीन आठवडे कंटाळवाणे जातात हेही मान्य केले पाहिजे. ओळखीची वस्तू ओळखीच्या जागी सापडत नाही. "पूर्वीचे काय वाईट होते?" असा सूर घरात निघतो. घर बदलल्यावर पहिले काही दिवस रात्री दिव्याचे बटण सापडत नाही, तसेच हे आहे. तेवढे दिवस जाऊ द्यावेत.

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चालते यंत्र भंगारात का द्यावयाचे? देऊ नये. परंतु ते वाचविण्याचे खरे कारण वाचलेले पैसे हे नाही. जे साधन आपल्या घरात आहे, ते कसे चालते हे आपल्या मुलांना कळावे. ते बिघडले तर उघडून पाहण्याचे धैर्य त्यांना यावे. आणि आपण जे घेतले त्यात काहीतरी भर घालून पुढच्यास द्यावे, ही वृत्ती त्यांच्या अंगी बाणावी, हे खरे कारण होय. विकत घेतलेल्या यंत्राची मुदत दुसरा कोणी ठरवितो. शिकलेल्या विद्येची मुदत मात्र दुसऱ्या कोणास ठरविता येत नाही.

ज्या लॅपटॉपवर माझ्या हातून ती चूक झाली, तो आजही आमच्या घरी आहे. मध्यंतरी त्यात एसएसडी घातली, रॅम वाढविली, आणि लिनक्सच्या दोन-तीन नव्या आवृत्त्या त्यावर येऊन गेल्या. गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई त्याच्याजवळ बसते. वडिलांच्या त्या सोहळ्यात कोण कोण आले होते, कोणी काय आणले, वडील बोलावयास उभे राहिले तेव्हा काय म्हणाले, हे ती आठवून सांगते आणि माझी मुलगी इन्स्क्रिप्टवर मराठीत लिहून घेते. मध्येच आई म्हणते, "थांब, असं नव्हे, आधी त्यांनी पाणी मागितलं होतं," आणि मुलगी ती ओळ दुरुस्त करते. चाळीस पाने झाली आहेत. प्रत्येक संध्याकाळी उठण्यापूर्वी त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते. हे काम मुलगी स्वतःहून करते. मला सांगावे लागत नाही.